जुनी होंडा सिटी घेताना: रिकॉल चासी नंबरवर, दोष पार्टमध्ये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेटमध्ये तीन होंडा सिटी बसतायत. 2013 ची पेट्रोल मॅन्युअल, 2015 ची डिझेल आणि 2018 ची पेट्रोल सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). तिन्हींच्या बाबतीत नेटवर ‘रिकॉल’ (दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) हा शब्द वाचून पोटात गोळा आलाय. एजंट म्हणतो, “साहेब, सिटी म्हणजे डोळे झाकून घ्यायची गाडी.” तर यातली कुठली घ्यावी, आणि रिकॉल झालेली गाडी कायमची डागी समजायची का?

डोळे झाकून कुठलीच जुनी गाडी घेऊ नये. पण सिटीच्या बाबतीत एजंट अगदीच थापा मारत नाहीये. 1.5 लिटरचं आय-व्हीटेक इंजिन, त्याला बेल्टऐवजी टायमिंग चेन, आणि ऑइल वेळेवर मिळालं तर दोन लाख किलोमीटरपर्यंत हेड उघडायची वेळ सहसा येत नाही. रिकॉलचं म्हणाल, तर कंपनीने दोष कबूल करून पार्ट फुकट बदलून दिला असेल, तर गाडी तेवढ्यापुरती नवीच झाली. तो डाग नाही.

मला जुन्या गाडीत भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रिकॉल निघतो चासी नंबरवर आणि दोष असतो पार्टमध्ये. गाडी शोरूममधून निघते तेव्हा दोन्ही एकत्रच असतात. मग आठ-दहा वर्षं जातात, दोन-तीन मालक होतात, मध्ये कुठे तरी गाडी ठोकते, कुणी तरी भंगारातून पार्ट आणून बसवतो, आणि दोघांची फारकत होते. कंपनीची वेबसाइट तुम्हाला चासी नंबरचं सांगेल. पार्टचं सांगायला तिथे कुणी बसलेलं नाही. हे मनात ठेवून तिन्ही गाड्या बघू.

आधी 2013 ची. हिच्यात मुख्य प्रश्न एअरबॅगचा. जपानच्या ताकाता कंपनीचे इन्फ्लेटर जगभरच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले होते. इन्फ्लेटर म्हणजे पिशवी फुगवणारा धातूचा डबा. आत अमोनियम नायट्रेटच्या वड्या असतात. धडक बसली की त्या पेट घेतात, वायू तयार होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. पण अमोनियम नायट्रेटला ओलावा सोसत नाही. ओलावा शोषणारं रसायन ज्या डब्यांत घातलं नव्हतं, त्यांत दमट हवा आणि दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार वर्षानुवर्षं सोसून वड्या भुसभुशीत होतात. भुसभुशीत वडी जळते ती भसकन. दाब इतका वाढतो की डबाच फुटतो आणि त्याचे तुकडे पिशवी फाडून आत बसलेल्यावर येतात. गाडी काय वेगात होती याच्याशी त्याचा फारसा संबंध राहत नाही. मलेशियात 2014 साली एका मंद वेगाच्या धडकेत 2003 च्या सिटीतल्या महिला चालकाचा जीव गेला तो असाच. मलेशियाची हवा आणि आपल्या कोकणपट्टीची हवा यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही, म्हणून मुंबई-रत्नागिरीकडे वाढलेली गाडी असेल तर हा मुद्दा अजिबात सोडू नका. पुढे जगभरात दहा कोटींहून जास्त इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि 2017 मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली.

भारतात होंडाने ही मोहीम टप्प्याटप्प्याने चालवली आणि लोकांचा घोटाळा इथेच होतो. जानेवारी 2017 मध्ये 2012 साली बनलेल्या 41,580 गाड्या बोलावल्या, त्यात 32,456 सिटी होत्या. जानेवारी 2018 मध्ये 2013 साली बनलेल्या 22,834 गाड्या बोलावल्या, त्यात 22,084 सिटी. आता तुमची ‘2013 ची’ गाडी आरसी उघडून बघा. नोंदणी 2013 ची आणि उत्पादन डिसेंबर 2012 चं, असं सर्रास असतं. म्हणजे ती आधीच्या टप्प्यात आली. शिवाय चालकाची एअरबॅग आणि शेजारच्या सीटची एअरबॅग ही दोन वेगळी कामं आहेत. मालक छातीठोकपणे सांगतो, “एअरबॅग बदललीय ना, 2016 मध्येच.” खरंच बदललेली असते. पण कुठली?

म्हणून तोंडी शब्दावर जाऊ नका. आरसीवरचा चासी नंबर घ्या. भारतात बनलेल्या होंडाचा नंबर एमएके या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण सतरा अंक-अक्षरं असतात. तो गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहा. मग होंडा कार्स इंडियाच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन त्या नंबरवर किती मोहिमा निघाल्या आणि त्यातल्या कुठल्या पुऱ्या झाल्या याचा तपशील मागा. मी नेहमी दुसरा मार्ग धरतो, कारण तिथे जुनी जॉबकार्डंही दिसतात आणि किलोमीटर मागे फिरवले असतील तर तेही उघडं पडतं. काम बाकी निघालं तरी घाबरू नका. ते फुकट होतं, तुम्ही पहिले मालक असा की चौथे.

आता फारकतीची गोष्ट. मागे एक गिऱ्हाईक सौदा ठरवायच्या आधी अशीच एक सिटी घेऊन आलं. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानातली, कागदावर ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट’. चासी नंबर टाकला, रिकॉल पूर्ण. स्कॅनर लावला, एसआरएसमध्ये, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत, एकही फॉल्ट नाही. सगळं इतकं गोड होतं की मीही सोडून देणार होतो. पण डॅशबोर्डवर शेजारच्या एअरबॅगच्या झाकणाभोवतीची फट एका बाजूला नखाएवढी आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी होती, आणि झाकणाचा काळा रंग डॅशच्या काळ्यापेक्षा एक छटा नवा. कारखान्यात असं बसत नाही. अधिकृत ठिकाणी नेऊन मॉड्यूल काढायला लावलं. त्याच्या लेबलावरचा क्रमांक रिकॉलच्या वेळी नोंदवलेल्या क्रमांकाशी जुळेना. झालं होतं असं: रिकॉलमध्ये नवी एअरबॅग बसली. त्यानंतर गाडी ठोकली आणि ती नवी एअरबॅग फुटली. मग कुणी तरी भंगारातल्या दुसऱ्या गाडीची काढून बसवली. ती कुठल्या सालची, तिच्या रिकॉलचं काम झालं होतं की नाही, हे देवालाच ठाऊक. चासी नंबर मात्र स्वच्छ. सौदा मोडला. विकणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत निरागस होता आणि कदाचित त्यालाही खरंच माहीत नसेल.

एअरबॅग तुम्ही स्वतः उघडू नका, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनलाही हात लावू देऊ नका. पण बघण्यासारखं बरंच आहे. किल्ली ऑन केल्यावर एसआरएसचा दिवा काही सेकंद लागतो आणि आपला आपण विझतो. तो लागलाच नाही तर बल्ब काढलाय. तो नेमका ऑइल प्रेशरच्या किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबर, एका दमात विझला, तर तो त्या दिव्याला जोडलेला असू शकतो. हा उद्योग इतका जुना आहे की मला आता रागही येत नाही. काही ठिकाणी तर एअरबॅगच्या जागी नुसता रेझिस्टर लावून कंट्रोल युनिटला गप्प करतात. तेव्हा दिवाही बरोबर वागतो आणि साधा स्कॅनरही फसतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. धडकेत प्रीटेन्शनर (बेल्ट झटक्यात आवळणारा भाग) उडाला असेल तर बेल्ट नीट गुंडाळत नाही, किंवा एकच बेल्ट कोरा करकरीत दिसतो. बेल्टच्या तळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, मग पुढचं काही बघायचीही गरज नाही.

2013 च्या गाडीचं आणखी एक. तिसऱ्या पिढीच्या सिटीच्या नावावर फेब्रुवारी 2011 चा एक रिकॉल दिसतो, 57,853 गाड्यांचा, व्हॉल्व्ह यंत्रणेतल्या लॉस्ट मोशन स्प्रिंगसाठी. तो आधीच्या गाड्यांचा होता, तुमच्या गाडीला लागू नाही. मात्र याच इंजिनाची एक सवय माहीत असावी. यात हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवून घेणारे, नाहीत. रॉकरवर स्क्रू आणि नट असतात आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ती फट हाताने सेट करावी लागते. बहुतेक लोक गाडी विकेपर्यंत एकदाही करून घेत नाहीत. आणि गंमत अशी की टॅपेट ढिले झाले की टिकटिक ऐकू येते, घट्ट झाले की इंजिन उलट शांत होतं. गिऱ्हाईक बोनेटजवळ कान नेऊन म्हणतं, “काय मऊ चालतंय!” तिकडे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नसतो, गरम गॅस फटीतून निसटत असतो आणि व्हॉल्व्हची कड भाजत असते. सीएनजी बसवलेल्या गाडीत हे फार लवकर होतं, कारण तिथे सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो. सकाळी गार इंजिन आयडलवर हलकं झटकत असेल आणि गरम झाल्यावर सुधारत असेल, तर आधी कॉम्प्रेशन तपासा. सीएनजी काढून पेट्रोलवर परत आणलेली सिटी असेल (डिकीत टाकीच्या ब्रॅकेटची भोकं बघा), तर मी तरी हेडचा खर्च धरूनच भाव करीन. आणि 2013 च्या आरसीची मुदत 2028 ला संपते. पुढे फिटनेस आणि फेरनोंदणी आली, हेही भावात धरा.

2015 च्या डिझेलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डिसेंबर 2013 ते जुलै 2015 मध्ये बनलेल्या 64,428 डिझेल सिटींना डिसेंबर 2015 मध्ये फ्युएल रिटर्न पाइपसाठी बोलावलं होतं. पाइप जागेवरून निसटून डिझेल गळण्याची आणि इंजिन बंद पडण्याची शक्यता होती. काम छोटं, बहुतेक गाड्यांचं झालेलं. तरीही नंबर टाकून बघाच. इंजिन दणकट आहे, मायलेज उत्तम, केबिनमध्ये आवाज येतो तो येतोच, त्याला औषध नाही. शहरात चाललेल्या गाडीचा क्लच तपासा: हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक, फिरत राहिलं तर खर्च आला. तुमचं महिन्याचं धावणं फार नसेल तर दहा वर्षं जुनी डिझेल गाडी घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता 2018 ची सीव्हीटी. मला विचाराल तर तिघींत हीच, पण हिचा रिकॉल सगळ्यात फसवा आहे.

पेट्रोलच्या टाकीत जो पंप असतो, त्याच्या आत प्लॅस्टिकची एक पातळ चकती फिरते, कडेला बारीक दाते असलेली. तिला इम्पेलर म्हणतात. चकती आणि तिच्या झाकणात अंतर इतकं कमी असतं की डोळ्याला दिसत नाही, कारण अंतर वाढलं तर दाब तयार होणार नाही. सदोष चकत्या इंधनात राहून फुगू शकतात. फुगली की झाकणाला घासते, मोटरला जोर पडतो, आणि एक दिवस अडकते. पंप अडकला की इंजिन सुरूच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते चालत्या गाडीत बंद पडतं. ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरती उरते, आणि मागून ट्रक येत असेल तर काय होईल ते सांगायला नको.

या पंपासाठी होंडाने जून 2020 मध्ये 2018 साली बनलेल्या 65,651 गाड्या बोलावल्या, त्यात 16,434 सिटी. एप्रिल 2021 मध्ये जानेवारी 2019 ते सप्टेंबर 2020 दरम्यान बनलेल्या 77,954 गाड्या, त्यात 20,248 सिटी. लोकांना वाटलं संपलं. मग ऑक्टोबर 2024 मध्ये आणखी 90,468 गाड्या, त्यात 32,872 सिटी, साधारण 2017 च्या उत्तरार्धापासून 2018 च्या मध्यापर्यंत बनलेल्या. म्हणजे 2018 च्या गाडीच्या मालकाने 2020 मध्ये प्रामाणिकपणे नंबर टाकला असेल, ‘तुमची गाडी यात नाही’ असं उत्तर आलं असेल, आणि तेच तो आज तुम्हाला सांगत असेल. तो खोटं बोलत नाहीये. त्याचं उत्तर शिळं झालंय. रिकॉल तपासायचा तो गाडी घेण्याच्या आठवड्यात, आणि घेतल्यावरही वर्षातून एकदा.

2024 च्या घोषणेतला एक भाग मात्र फार थोड्यांनी नीट वाचला. त्यात वरच्या आकड्याशिवाय जुन्या मॉडेलच्या 2,204 गाड्या होत्या, ज्यांत हा पंप मधल्या काळात सुटा पार्ट म्हणून बसवला गेला होता. आणि जून 2017 ते ऑक्टोबर 2023 या काळात ज्यांनी अधिकृत डीलरच्या काउंटरवरून पंप विकत घेतला, त्यांनीही तपासून घ्यावं असं सांगितलं होतं. आता विचार करा. तुमच्या त्या 2013 च्या गाडीचा पंप 2019 मध्ये जळला, मालकाने काउंटरवरून नवा घेतला आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये बसवला. जॉबकार्ड नाही, चासी नंबरवर नोंद नाही. तिच्या सालावर पंपाचा रिकॉल नाही, पण सदोष पंप तिच्या टाकीत असू शकतो. म्हणून जुन्या मालकाला ‘रिकॉल झालाय का’ या प्रश्नाबरोबर ‘पंप कधी बदललात, कुठून आणलात’ हेही विचारा, आणि बिल असेल तर ते घेऊन सर्व्हिस सेंटरला दाखवा.

पंपाची कानाने करायची तपासणीही आहे. इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा, खिडक्या बंद, एसी-रेडिओ बंद. दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. ती एकसारखी हवी. घासल्यासारखी किंवा अडखळत आली तर शंका घ्या. गाडी तापल्यावर बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करताना सेल्फ जास्त वेळ मारावा लागत असेल तर शंका वाढवा. सगळं ठीक वाटलं तरी रिकॉल बाकी असेल तर आधी पंप बदलून घ्या, मगच हायवेला जा.

सीव्हीटी गिअरबॉक्सला लोक उगाच घाबरतात. 2014 मध्ये बनलेल्या काही सीव्हीटी सिटींना पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर बदलून घ्यायला बोलावलं होतं, तुमच्या गाडीचा त्याच्याशी संबंध नाही. हिचा शत्रू म्हणजे न बदललेलं फ्लुइड. त्यात होंडाचं सीव्हीटीसाठीचं एचसीएफ-2 च पडायला हवं, साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) टाकलं की पट्टा आणि पुली दोन्हींची वाट लागते. जॉबकार्डावर ते नाव शोधा. मी स्वतः चाळीस हजारांना बदलतो. चाचणी गार गाडीत घ्या: ब्रेक सोडून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी सरकू द्या. सरकताना थरथर नको. मग चढावर रिव्हर्स टाका, तिथे घसरण लपत नाही.

बाकी वयाच्या तक्रारी: पुढच्या लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, स्ट्रटचं माउंटिंग. खड्ड्यावरून ‘टकटक’ आली की यातलंच काही. एसीची कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅश उतरवावा लागतो, म्हणून भर दुपारी वीस मिनिटं एसी चालवून बघा. हा झिजेचा खर्च आहे, रिकॉलशी त्याचा संबंध नाही आणि कंपनीशी भांडून उपयोग नाही.

कायद्याचंही विचारलंय तुम्ही. आपल्याकडे बराच काळ रिकॉल स्वेच्छेचा होता, वाहन उत्पादकांच्या सियाम संघटनेने 2012 मध्ये केलेल्या आचारसंहितेनुसार. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम 110-अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. तुमच्या तिन्ही गाड्या त्या वयाच्या पलीकडे गेल्यात, म्हणजे इथे तुमचा आधार कंपनीच्या आधीच निघालेल्या मोहिमांचा. रिकॉलचं पत्र किंवा एसएमएस कंपनीकडे ज्याचा पत्ता असतो त्यालाच जातो, आणि तो बहुधा पहिला मालक असतो. गाडी नावावर झाली की पहिल्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला जाऊन आपला नंबर-पत्ता त्या चासी नंबरवर चढवून घ्या.

2018 ची बघायला जाल तेव्हा आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा, “सकाळी येतोय, गाडी सुरू करून ठेवू नका.” गेल्या गेल्या, नमस्कार-चहाच्या आधी, बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर चहा पिऊन परत या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा.